अंड्यातलं खेळणं: किंडर सरप्राइजच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चॉकलेट आणि खेळणी या दोन्हींच्या इतिहासात मला रस आहे हे कळल्यापासून ओळखीचे-अनोळखी लोक एकाच वस्तूबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात, ती म्हणजे पांढऱ्या-केशरी चांदीत गुंडाळलेलं ते अंडं. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किंडर सरप्राइज म्हणजे नेमकं काय? किंडर जॉय आणि हे एकच ना?

एकच नाही. दोघांचं घराणं एक, घडण वेगळी.

किंडर सरप्राइज म्हणजे चॉकलेटचं पोकळ अंडं. बाहेरून तपकिरी, आतून पांढरं, चॉकलेटचं वजन २० ग्रॅम. ते फोडलं की आत प्लॅस्टिकची पिवळी डबी निघते, तिच्यात खेळणं आणि एक छोटी चिठ्ठी. किंडर जॉयमध्ये चॉकलेटचं अंडं नसतंच. अंड्याच्या आकाराची प्लॅस्टिकची दोन अर्धुकं असतात. एकात चमच्याने खायची मलई, दुसऱ्यात खेळणं, आणि दोन्ही वेगवेगळी बंद केलेली. वरवर हा फरक किरकोळ वाटतो, पण एका अख्ख्या देशात एक चालतं आणि दुसरं बेकायदा ठरतं ते याच फरकामुळे (प्रश्न १० आणि ११ पाहा).

२. 'किंडर' हा जर्मन शब्द आहे. मग ही कंपनी इटालियन कशी?

शब्द जर्मनच आहे, अर्थ 'मुलं'. कंपनी मात्र फेरेरो, इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या आल्बा गावची. तिने १९५६ साली जर्मनीत पाय रोवले, हेसेन राज्यातल्या आलेनडॉर्फ इथे, म्हणजे आजच्या श्टाटआलेनडॉर्फमध्ये. युद्धकाळात या गावात स्फोटकांचे प्रचंड कारखाने होते. तिथेच पुढे चॉकलेट बनू लागलं.

मुलांसाठी दुधाचं प्रमाण जास्त असलेलं चॉकलेट काढायचं ठरलं, तेव्हा जर्मन बाजार डोळ्यांसमोर होता. १९६८ साली 'किंडर' या नावाखाली चॉकलेटच्या बारीक कांड्या आल्या. साडेबारा ग्रॅमची एक, आठ मिळून १०० ग्रॅमचा खोका. कांडी मुठीत मावते आणि एक दिली की आईच्या मनाला फार टोचत नाही. अंडं आलं ते त्यानंतर, याच नावावर. नाव इतकं रुळलं की इटालियन पोरंही ते आपल्याच भाषेतलं समजून उच्चारतात.

३. पहिलं अंडं कधी आलं?

१९७४ साली. इटलीत 'किंडर सोर्प्रेझा' नावाने आणि त्याच वर्षी जर्मनीत. जर्मन नाव युबरराशुंग्स-आय, म्हणजे आश्चर्याचं अंडं. एवढं लांबलचक नाव घेत बसायला कुणाला वेळ आहे? लोकांनी त्याचं 'यू-आय' करून टाकलं. ब्राझीलमध्ये ते 'किंडर ओव्हो', स्वीडनमध्ये 'किंडरएग'. ज्या त्या भाषेने त्याचं आपापलं बारसं केलं आहे.

४. शोध कुणाचा? कुणी विल्यम सालिचे म्हणतं, कुणी मिकेले फेरेरो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१६ च्या डिसेंबरअखेर विल्यम सालिचे वारले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'किंडर अंड्याचा जनक गेला' असे मथळे दिले. सालिचे पाव्हिया प्रांतातल्या कासेई जेरोला गावचे, जन्म १९३३ चा. फेरेरो कंपनीचे मालक मिकेले फेरेरो यांच्या खास वर्तुळातले ते सहकारी होते. बाजारात काय चालेल याचा अंदाज घेणं आणि मालकाच्या डोक्यातली कल्पना दुकानाच्या फळीपर्यंत नेणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी लिगुरियातल्या लोआनोमध्ये तरुण मुलांसाठी एक संस्थाही उभी केली. पण त्यांचं स्वतःचं म्हणणं मथळ्यांच्या उलट होतं. शोध फेरेरोंचा, आपण फक्त तो प्रत्यक्षात आणणारा, असं ते सांगत.

दुसरी बाजू मिकेले फेरेरोंची. जन्म १९२५, मृत्यू १४ फेब्रुवारी २०१५. इटलीतला सर्वांत श्रीमंत माणूस, आणि मुलाखत द्यायची म्हटलं की अंग चोरणारा. त्यांच्या डोक्यात एक काल्पनिक बाई कायम बसलेली असे, तिचं नाव 'वालेरिया'. बाजारहाट करणारी, घरात काय यायचं ते ठरवणारी. वालेरियाला रोज काय हवं, हाच त्यांचा एकमेव प्रश्न. इटलीत ईस्टरला चॉकलेटची मोठी अंडी देतात आणि त्यात भेटवस्तू असते. मुलं वर्षभर त्या दिवसाकडे डोळे लावून बसतात. मग ईस्टर वर्षातून एकदाच का? रोज का नको?

यावरची एक गोष्ट खुद्द मिकेलेंच्या तोंडची म्हणून छापून आलेली आहे. त्यांनी अंड्यांची यंत्रं मागवली, तर कंपनीतल्याच लोकांनी ती मागणी अडवून धरली. इतकी अंडी वर्षभर कोण खाणार, मालकांची काहीतरी चूक झाली असणार, असा त्यांचा समज. गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलं असेलही. पण ती खरी वाटते, कारण अडचण अगदी हिशेबी आहे. ईस्टरपुरती चालणारी यंत्रं उरलेलं वर्षभर धूळ खात पडणार, मग ती घ्यायची कशाला?

माझं मत विचाराल तर कल्पना मिकेलेंची आणि बाळंतपण सालिचेंचं. पण 'एकट्याने लावलेला शोध' हे प्रकरणच मला पटत नाही. चॉकलेट ओतणारे, डबीचा साचा पाडणारे, खेळण्यांची चित्रं काढणारे असे कितीतरी हात त्या २० ग्रॅममध्ये आहेत.

५. अंड्यात भेट ठेवायची कल्पना तरी फेरेरोंचीच ना?

नाही, ती फार जुनी. इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ साली चॉकलेटचं ईस्टर अंडं काढलं. १८७५ साली कॅडबरीचं आलं, ते गडद चॉकलेटचं होतं आणि आत साखरेच्या गोळ्या भरलेल्या. पोकळ अंडं म्हटलं की त्यात काहीतरी भरावंसं वाटणारच.

राजवाड्यातलं उदाहरण तर याहून झकास. १८८५ साली रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याने आपल्या राणीसाठी जवाहिऱ्या फाबेर्जेकडून ईस्टरचं अंडं करवून घेतलं. बाहेरून पांढऱ्या मिन्याचं साधंसं अंडं. उघडलं की आत सोन्याचा बलक, आणि बलक उघडला की आत सोन्याची कोंबडी. पांढरं, मग पिवळं, मग आश्चर्य. किंडरच्या अंड्यातही हाच क्रम आहे, फक्त सोन्याच्या जागी प्लॅस्टिक. फेरेरोंनी तिथूनच उचललं असं मी म्हणत नाही. अंड्याची घडणच माणसाला त्या वाटेने नेते.

फेरेरोंचं नवेपण दोन गोष्टींत होतं. सणाची वस्तू त्यांनी रोजची केली, आणि ती इतकी लहान व स्वस्त केली की खाऊच्या पैशांत यावी.

६. अंड्याच्या आधी फेरेरो काय विकत होते?

हेझलनट. जरा अतिशयोक्ती झाली, पण फार नाही.

पिएमोंतेच्या टेकड्यांत हेझलनट मुबलक, कोको मात्र परदेशातून येणारा. नेपोलियनच्या काळात, १८०६ नंतरच्या व्यापारबंदीत, कोकोचा तुटवडा पडला आणि तोरिनोच्या मिठाईवाल्यांनी चॉकलेटमध्ये हेझलनटची पूड मिसळून वेळ मारून नेली. त्या मिश्रणाला पुढे 'जांदुया' नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तीच टंचाई, आणि आल्बाच्या पिएत्रो फेरेरो नावाच्या मिठाईवाल्याने पुन्हा तोच जुना उपाय काढला. १९४६ साली त्यांनी कंपनी काढली. त्यांची जांदुयाची वडी सुरीने कापून पावावर ठेवून खायची असे. पिएत्रो १९४९ मध्ये वारले. १९५१ मध्ये त्या वडीचं पातळ रूप आलं आणि १९६४ मध्ये मुलगा मिकेले यांनी त्यालाच सुधारून न्यूटेला केलं. नंतर कांड्या (प्रश्न २), नंतर अंडं.

या सगळ्यात एक धागा दिसतो. महाग कोको कमीत कमी वापरायचा आणि उरलेली जागा मन रिझवणाऱ्या दुसऱ्या कशाने तरी भरायची. वडीत ती जागा हेझलनटने भरली, कांडीत दुधाने. अंड्यात तर चक्क हवेने आणि खेळण्याने. मुलांना त्यातली हवाच सगळ्यात आवडली.

७. चॉकलेट बाहेरून तपकिरी आणि आतून पांढरं का?

किंडरची सगळी जाहिरात दुधाभोवती फिरते, त्यामुळे आत दुधाचा पांढरा थर डोळ्यांना दिसायलाच हवा. दुसरं कारण चवीचं. दुधाचं चॉकलेट आणि त्याहून दुधाळ थर एकत्र आले की कडवटपणा जवळजवळ उरत नाही, आणि लहान मुलांना कडू नकोच असतं. मोठ्यांना ते गोड-गोड लागतं ही तक्रार खरी आहे. पण ते तुमच्यासाठी केलेलंच नाही.

दूध जास्त म्हणजे पौष्टिक, हा निष्कर्ष मात्र काढू नका. शेवटी हा खाऊ आहे, साखर आणि तूपकट पदार्थांचाच.

८. डबी पिवळीच का? आणि हल्ली तिची दोन टोकं सुटी का होत नाहीत?

पिवळी, कारण ती अंड्यातला बलक आहे. इतकं साधं आणि इतकं चपखल उत्तर मालाच्या रचनेत क्वचित सापडतं.

जुनी डबी दोन सुट्या भागांची होती. एक दुसऱ्यात घट्ट बसायचा आणि उघडताना मुलांच्या बोटांचीच नव्हे तर वडिलांच्या दातांचीही परीक्षा व्हायची. पुढे दोन्ही भाग एका बिजागरीने जोडलेली डबी आली. सुटे तुकडे जितके कमी तितका लहान मुलांना धोका कमी, हा त्यामागचा विचार. डबीचा आकारही बालकाच्या घशात अडकणार नाही इतका मोठा ठेवावा लागतो. कायद्याची बाजू प्रश्न १२ मध्ये आहे.

९. जाहिरातीत 'प्रत्येक सातव्या अंड्यात' म्हणत. म्हणजे सात घेतली की संग्रहातली मूर्ती नक्की मिळते?

इथेच भले भले फसतात.

आधी संदर्भ. अंड्यातली खेळणी दोन जातींची. एक, तुकडे जोडून करायची: गाड्या, विमानं, भोवरे. दुसरी, आयत्या रंगवलेल्या छोट्या मूर्ती, ज्यांची मालिका असते. जर्मनीत या मालिकांनी वेड लावलं. १९८८ मध्ये आलेले 'हॅपी हिपो' पाणघोडे त्यातले सगळ्यात गाजलेले. त्यांचे चित्रकार आंद्रे रोश, मूळचे फ्रेंच. गुबगुबीत, हसरे, अंगठ्याएवढे पाणघोडे. मोठी माणसं त्यांच्या मागे लागली, किमतींच्या याद्या छापल्या गेल्या, अदलाबदलीचे बाजार भरू लागले. अशा मालिकेतली मूर्ती दर सातव्या अंड्यात असते, असं जाहिरातीत सांगत.

आता गणित. 'दर सातव्यात' म्हणजे सरासरीने. प्रत्येक अंड्यात मूर्ती निघण्याची शक्यता सातात एक धरली, तर सात अंड्यांत एकही न निघण्याची शक्यता सहा-सप्तमांश सात वेळा गुणून येते, जवळजवळ ३४ टक्के. म्हणजे दर तीन मुलांमागे एक मूल सात अंडी फोडूनही हात हलवत परतणार. आणि निघाली तरी ती मालिकेतली हवी तीच निघेल याची खात्री कुणी दिली आहे?

म्हणून मग अंडी हलवून पाहणं आलं. जोडायच्या खेळण्यांचे तुकडे खुळखुळतात, अखंड मूर्ती जड 'टप' असा आवाज करते. काही जण दुकानात वजनकाटा घेऊन जात. मीही कानाशी धरून अंडी हलवलेली आहेत. यश बेताचंच आलं, दुकानदाराची नजर मात्र नक्की मिळाली.

१०. अमेरिकेत या अंड्यावर बंदी का? तिथे बंदुका चालतात आणि चॉकलेट नाही?

बंदुकांचा टोमणा या प्रश्नाबरोबर हमखास येतो. पण अमेरिकेने उठून किंडरवर बंदी घातली असं झालेलं नाही. कायदा अंड्याहून ३६ वर्षांनी मोठा आहे.

१९३८ साली अमेरिकेत अन्न, औषध आणि प्रसाधनांबाबतचा कायदा झाला. त्यातल्या एका कलमानुसार ज्या मिठाईच्या आत खाण्याजोगी नसलेली वस्तू पूर्णपणे किंवा अंशतः रुतलेली असेल ती भेसळयुक्त समजली जाते. अपवाद एकच. त्या वस्तूचा खाण्याच्या कामी उपयोग असावा आणि तिच्यामुळे इजा होऊ नये. म्हणून लॉलीपॉपची काडी चालते, कारण ती धरायला लागते. पिवळी डबी कशाला लागते? चॉकलेट खायला तर नाही. झालं, घोडं तिथेच पेंड खातं.

डबी पुरेशी मोठी आहे का, खेळणं सुरक्षित आहे का, हे प्रश्न या कलमात येतच नाहीत. वस्तू आत आहे एवढंच पुरेसं. २०११ च्या आर्थिक वर्षात अमेरिकी सीमाशुल्क खात्याने प्रवाशांच्या सामानातून आणि टपालातून मिळून ६० हजारांवर अंडी जप्त केली. २०१२ मध्ये कॅनडाहून वॉशिंग्टन राज्यात परतणाऱ्या दोघांना सहा अंड्यांपायी सीमेवर अडीच तास थांबवलं गेलं, आणि दर अंड्यामागे २,५०० डॉलर दंड होऊ शकतो हेही ऐकवलं गेलं.

११. पण अमेरिकेतल्या भाच्याने किंडरचं अंडं खाल्ल्याचा फोटो पाठवला! मग बंदी उठली का?

नाही. भाच्याने खाल्लं ते किंडर जॉय. अमेरिकेत ते २०१७ च्या अखेरीस आलं. त्यात मलई एका बंद अर्धुकात, खेळणं दुसऱ्या बंद अर्धुकात. दोन्ही शेजारी आहेत, पण एक दुसऱ्याच्या आत नाही, त्यामुळे प्रश्न १० मधलं कलम लागूच होत नाही.

याआधीही काहींनी पळवाट शोधली होती. २०१३ मध्ये एका अमेरिकी कंपनीने अशी डबी केली की तिची कड चॉकलेटच्या दोन भागांच्या मधून बाहेर दिसत राहील. डबी चॉकलेटमध्ये 'रुतलेली' नाही, दोन्ही भागांच्या मधे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायद्याची अक्षरं मोजून अंडं घडवायचं, हाही एक कारागिरीचा नमुनाच.

मूळ चॉकलेटचं अंडं सामानात घालून अमेरिकेला न्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

१२. युरोपात मग ते सर्रास कसं चालतं? तिथे धोका नाही का?

धोका आहे, पण कायद्याची रीत वेगळी आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या खेळणी सुरक्षा निर्देशानुसार अन्नाबरोबर येणाऱ्या खेळण्याला स्वतःचं वेगळं वेष्टन हवं आणि ते वेष्टन श्वासनलिका अडवेल इतकं लहान नसावं. शिवाय, अन्न खाल्ल्याशिवाय खेळणं हातीच लागणार नाही अशा रीतीने ते अन्नाला चिकटवलेलं असेल, तर त्याला मनाई आहे. किंडरमध्ये चॉकलेट नुसतं फोडलं तरी डबी मोकळी होते, म्हणून ते या मनाईत अडकत नाही.

तरी वाद झालेच. २००८ मध्ये जर्मन संसदेच्या मुलांविषयीच्या समितीतून अन्न आणि खेळणं एकत्र विकण्यावर बंदीची मागणी आली आणि देशभर हलकल्लोळ उडाला. यू-आय जाणार म्हटल्यावर जर्मन माणूस जितका खवळला तितका तो करवाढीवरही खवळत नसेल. बंदी आली नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. खेळण्याचे तुकडे घशात अडकून लहान मुलं दगावल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत घडलेल्या आहेत. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, अशी सूचना वेष्टनावर असते ती याचसाठी. थोरल्याला अंडं दिलं की धाकटा त्याचे तुकडे उचलतो. घरात दोन मुलं असतील तर हे आधी लक्षात घ्या.

१३. चिलीतूनही ते नाहीसं झालं म्हणतात. तिथेही घशाचाच प्रश्न?

नाही, तिथे प्रश्न साखरेचा. चिलीचा खाद्यपदार्थांवरील लेबलांचा कायदा जून २०१६ मध्ये लागू झाला. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेपलीकडे असतील तर पाकिटावर काळी अष्टकोनी खूण लावावी लागते. आणि अशा पदार्थाबरोबर मुलांना भुलवायला खेळणं देता येत नाही. अंड्याचा तर सगळा धंदाच त्यावर उभा. ते गेलं.

दोन देश, दोन कारणं. अमेरिकेने विचारलं 'वस्तू कुठे आहे?', चिलीने विचारलं 'वस्तू कशासाठी आहे?' मला दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक वाटतो.

१४. २०२२ मध्ये अंडी बाजारातून परत का मागवली?

साल्मोनेला जंतूमुळे. बेल्जियममधल्या आर्लाँच्या कारखान्यात बनलेल्या किंडर मालाशी युरोपातल्या अनेक देशांतल्या आजारपणांचा संबंध जुळला. आजारी पडलेल्यांत बहुतेक दहा वर्षांखालची मुलं. एप्रिलच्या सुरुवातीला माल परत घ्यायला सुरुवात झाली आणि ८ एप्रिलला बेल्जियमच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने कारखानाच बंद केला. ईस्टर होता १७ तारखेला. अंड्यांच्या कंपनीला याहून वाईट मुहूर्त सापडला नसता.

लोकांना जास्त राग आला तो तारखांचा. कारखान्यात जंतू आधीच, १५ डिसेंबर २०२१ रोजी सापडला होता. आतल्या आत कारभार कमी पडल्याचं कंपनीने मान्य केलं. जूनमध्ये कारखान्याला तीन महिन्यांची सशर्त परवानगी मिळाली. तेव्हा परत मागवलेला माल कधीच नष्ट झाला, आज त्यावरून घाबरायचं कारण नाही.

१५. किंडर जॉय का काढलं? फक्त अमेरिकेसाठी?

अमेरिका फार नंतरची. किंडर जॉयचा जन्म २००१ चा, इटलीत, 'किंडर मेरेन्देरो' या नावाने. कारण उन्हाळा. कोको बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं. चॉकलेट तोंडात विरघळतं ते यामुळेच, आणि मे महिन्यात दुकानातच विरघळतं तेही यामुळेच. अंड्याचा लगदा झाला की आकार गेला, म्हणजे सगळंच गेलं. मलई मात्र आधीपासूनच मऊ. तिचं काय वितळणार? म्हणून उष्ण देशांत जॉय पोचलं आणि ज्या पिढ्यांनी खरं चॉकलेटचं अंडं पाहिलंच नाही त्यांच्यासाठी तेच 'किंडर' झालं.

मराठी वाचकांना माहीत असेलच, पण विचारतात म्हणून सांगतो: हो, बारामतीला फेरेरोचा कारखाना आहे. कॅमेरून आणि दक्षिण आफ्रिकेबरोबर कंपनीने ज्या 'सामाजिक उद्योग' योजनेत कारखाने काढले, त्यातलाच हा एक.

१६. मुलींसाठी गुलाबी अंडी निघाली होती हे खरं?

खरं. जर्मनीत २०१२ मध्ये परीच्या चित्रांची गुलाबी अंडी निघाली आणि भरपूर टीका झाली. आत काय आहे हे कुणालाच माहीत नाही, ही या वस्तूची मूळ गंमत. वरूनच 'हे तुझं, हे त्याचं' ठरवलं तर आश्चर्य कसलं उरलं? टीकाकारांचा मुद्दा बरोबर होता, पण माझा आक्षेप त्याहून साधा आहे: धंद्याच्या दृष्टीनेही ती चूकच.

१७. खोक्यावरच्या मुलावरूनही काही भानगड झाली होती ना?

ती अंड्याची नव्हे, कांड्यांच्या खोक्याची गोष्ट. १९७३ पासून जर्मनीत त्यावर एकाच मुलाचा हसरा चेहरा होता. २००५ मध्ये तो बदलला तेव्हा 'जुना परत आणा' म्हणून सह्यांची मोहीम निघाली. जुन्याने तोवर चाळिशी ओलांडली होती, हे कुणाच्या गावी नव्हतं.

२०१६ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेवेळी खोक्यांवर जर्मन संघातल्या खेळाडूंचे बालपणीचे फोटो छापले. त्यात स्थलांतरित घरांतून आलेले बोआटेंग आणि गुंडोआन होते. स्थलांतरितांविरुद्ध ओरडणाऱ्या पेगिडा गटाच्या एका शाखेने 'ही कुठली मुलं खोक्यावर' म्हणून आगपाखड केली. हे आपल्याच राष्ट्रीय संघाचे खेळाडू आहेत हे त्यांना ओळखू आलं नव्हतं.

१८. रशियात एका पंतप्रधानाला 'किंडर सरप्राइज' म्हणत, हे कुणाच्या सुपीक डोक्यातून?

टोपणनाव खरं आहे. मार्च १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी सर्गेई किरियेन्को यांना पुढे आणलं तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. पोरगेलासा चेहरा आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं नाव. रशियनांनी लगेच जोड लावली. ऑगस्टमध्ये रशियाने कर्जं बुडवली, रूबल कोसळला आणि किरियेन्को गेले. टोपणनाव मात्र आजही त्यांच्या नावामागे येतं.

१९. माळ्यावर जुन्या खेळण्यांचा डबा सापडला. पैसे मिळतील?

बहुधा चहापुरते. मूर्ती कोट्यवधींच्या संख्येने निघाल्या, त्यामुळे बहुतेकांना भाव नाही. भाव येतो तो चुकीच्या रंगात निघालेल्या, एखाद्याच देशात थोडे दिवस विकल्या गेलेल्या किंवा हाताने रंगवलेल्या जुन्या मूर्तींना, तेही मालिका पूर्ण असेल तर. आणि चिठ्ठी. अंड्यातली ती कागदाची पट्टी सगळे फेकून देतात, म्हणून जर्मन संग्राहक तिला खेळण्याइतकाच मान देतात. डबा विकायच्या आधी तळाशी चुरगळलेले कागद आहेत का ते पाहा, आणि असतील तर इस्त्री फिरवू नका.